डोरोथीचे बूट लाल का झाले?

जुन्या हॉलिवूडच्या पडद्यामागच्या गोष्टी सांगणाऱ्यांची एक ठरलेली पोतडी असते. 'द विझर्ड ऑफ ऑझ' या १९३९च्या चित्रपटात पत्र्याचा माणूस होणारा पहिला नट मेकअपमुळे इस्पितळात पोचला. चेटकिणीचं काम करणारी बाई सेटवर भाजली. सिंह झालेला नट उकाड्यानं अर्धमेला व्हायचा. पुस्तकात चंदेरी असलेले नायिका डोरोथीचे बूट पडद्यावर लाल झाले. 'गॉन विथ द विंड'साठी एका रात्रीत जुने सेटच्या सेट जाळले. एकेकटी सांगितली की यातली प्रत्येक गोष्ट गावगप्पा वाटते. ऐकणारा 'काय सांगता!' म्हणतो आणि विसरून जातो. पण यातल्या बऱ्याचशा गोष्टींचं मूळ एकाच जागी सापडतं: एका अवजड, खर्चिक आणि प्रकाशासाठी कायम वखवखलेल्या कॅमेऱ्यात. त्याचं पोट उघडून पाहिलं की या गप्पांचा उलगडा आपोआप होतो.

हा कॅमेरा टेक्निकलर कंपनीचा. १९१५ साली हर्बर्ट काल्मस, डॅनियल कॉमस्टॉक आणि बर्टन वेस्कॉट यांनी ही कंपनी काढली. काल्मस आणि कॉमस्टॉक एमआयटीत, म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेले. कंपनीच्या नावातलं 'टेक' तिथलंच. तिघांपुढचा प्रश्न ऐकायला सोपा होता. फिल्मला रंग कळत नाही. तिच्यावर चांदीचे क्षार असतात, उजेड जिथे जास्त पडेल तिथे ते जास्त काळे होतात, बस. मग तिच्याकडून रंग टिपून घ्यायचे कसे?

याचं तात्त्विक उत्तर १८६१ सालीच मिळालं होतं. मॅक्सवेल या शास्त्रज्ञानं एकाच वस्तूचे तीन काळे-पांढरे फोटो काढवून घेतले: एक लाल काचेतून, एक हिरव्या, एक निळ्या. लाल काचेतून फक्त लाल उजेड आत जातो, म्हणून त्या फोटोत 'कुठे किती लाल आहे' याची नोंद होते. तीन फोटो म्हणजे तीन नोंदी. माणसाच्या डोळ्याला रंग कळतात तेही ढोबळपणे याच तीन गटांत, त्यामुळे तीन नोंदी जुळवल्या की सगळे रंग परत मिळतात. फिरवून फिरवून रंगीत सिनेमाची सगळी गोष्ट एवढीच आहे.

घोडं अडतं ते पुढे. वस्तू स्थिर असेल तर तीन फोटो एकामागून एक काढता येतात. सिनेमातला माणूस चालतो, घोडा धावतो, पदर उडतो. लाल नोंद घेऊन हिरवीकडे वळेपर्यंत हात पुढे सरकलेला असतो, आणि जुळवणीच्या वेळी त्या हाताभोवती रंगीत भुतं दिसू लागतात. तीन कॅमेरे शेजारीशेजारी लावले तर प्रत्येकाची नजर वेगळ्या जागेवरून. तरी चित्र जुळत नाही. म्हणजे एकाच भिंगातून, एकाच क्षणी तिन्ही नोंदी घ्यायच्या.

टेक्निकलरवाल्यांनी आधी दोनच रंगांवर भागवून पाहिलं. १९१७च्या त्यांच्या पहिल्या चित्रपटाला खास प्रोजेक्टर लागे आणि तो चालू असताना दोन प्रतिमा सतत जुळवत बसावं लागे. असा प्रोजेक्टर चालवायला निम्मा प्राध्यापक आणि निम्मा डोंबारी हवा, या अर्थाचं काहीतरी काल्मस वैतागून म्हणाला आणि ती वाट सोडली. मग दोन पातळ फिल्म पाठीला पाठ लावून चिकटवायची युक्ती निघाली. डग्लस फेअरबँक्सचा 'द ब्लॅक पायरेट' १९२६ साली तशा प्रतींवर आला. प्रोजेक्टरच्या उष्णतेनं ती जोडफिल्म कधी या बाजूला फुगे, कधी त्या बाजूला, आणि चाच्यांची तलवारबाजी मध्येच धूसर होई. प्रती बॉस्टनला परत पाठवून सपाट करून घ्याव्या लागत. शिवाय दोन रंगांत निळं आकाश नीट उतरतच नाही. चाच्यांच्या चित्रपटाला आकाश आणि समुद्र टाळून कसं चालायचं?

१९३२मध्ये तीन फितींचा कॅमेरा तयार झाला. त्याच्या भिंगामागे काचेचा एक ठोकळा होता, दोन लोलक एकमेकांना चिकटवून केलेला. दोघांच्या सांध्यावर धातूचा इतका विरळ थर, की आलेल्या प्रकाशातला काही भाग सरळ आरपार जाई आणि बाकीचा काटकोनात वळे. सरळ गेलेल्या प्रकाशापुढे हिरवी काच आणि तिच्यामागे पहिली फिल्म: ही हिरव्याची नोंद. वळलेल्या प्रकाशाच्या वाटेत हिरवा अडवणारी किरमिजी (मॅजेंटा) काच, म्हणजे आता फक्त लाल आणि निळा उरला. तिथे दोन फिल्म तोंडाला तोंड लावून एकत्र धावत. पुढची फिल्म निळाच टिपणारी, तिच्या पृष्ठभागावर तांबूस रंगाचा लेप. त्यातून गाळून फक्त लाल प्रकाश मागच्या फिल्मवर पोचे. एक भिंग, एक क्षण, तीन फिती. आणि तिन्ही काळ्या-पांढऱ्या! 'ऑझ'ची मूळ निगेटिव्ह आज कुणी हातात दिली तर त्यात रंगाचा ठिपकासुद्धा दिसणार नाही.

आता प्रकाशाचा हिशेब मांडून बघा. भिंगातून आलेला प्रकाश आधी वाटला गेला. वाटलेल्या प्रत्येक हिश्श्यातला बराचसा काचेनं खाल्ला. लालच्या वाट्याला तर पुढच्या फिल्ममधून झिरपून येईल तेवढाच. त्यात त्या काळच्या फिल्मच मंद, म्हणजे चित्र उमटायला भरपूर उजेड मागणाऱ्या. परिणामी साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटाला पुरणाऱ्या दिव्यांच्या कितीतरी पट दिवे लावल्याशिवाय टेक्निकलरमध्ये चित्रच येत नसे. तेही कुठलेही दिवे चालत नसत. तिन्ही नोंदींचा तोल सूर्यप्रकाशाला धरून बसवलेला होता. साध्या बल्बचा उजेड पिवळसर, त्यात निळा कमी. म्हणून कार्बनचे आर्क दिवे: दोन कार्बन कांड्यांच्या टोकांमध्ये विजेची सलग ठिणगी जळत ठेवायची. उजेड लख्ख पांढरा, सोबत धूर आणि आच.

'ऑझ'चं शूटिंग ऑक्टोबर १९३८मध्ये कल्व्हर सिटीतल्या एमजीएम स्टुडिओत सुरू झालं. सेटवरचा पारा ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाई. आता त्यात सिंह उभा करा. बर्ट लारच्या अंगावरचा पोशाख खऱ्या सिंहाच्या कातड्याचा, वजन सुमारे ४० किलो. तो शॉट संपला की घामानं निथळत बाहेर येई. लोक ही गोष्ट स्टुडिओच्या क्रूरपणाचा नमुना म्हणून सांगतात. क्रूरपणा होताच, पण तो दिवा त्या भिंगामागच्या ठोकळ्यासाठी जळत होता हेही लक्षात ठेवायला हवं. हेच चित्र काळ्या-पांढऱ्यात काढलं असतं तर लारला निम्मा घामही आला नसता.

बुटांचीही गोष्ट इथलीच. फ्रँक बॉमच्या १९०० सालच्या पुस्तकात डोरोथीचे बूट चंदेरी आहेत. पटकथेच्या सुरुवातीच्या खर्ड्यांतही ते तसेच होते. नोएल लँगली या पटकथाकारानं ते बदलून माणकाचे केले. कारण उघड आहे: रंगासाठी एवढे पैसे मोजायचे आणि पिवळ्या रस्त्यावर चालणाऱ्या नायिकेच्या पायात करडट चकाकी ठेवायची? लाल हा टेक्निकलरचा हुकमी एक्का. पण तो थेट टाकूनही जमत नसे. झगझगीत लाल टिकल्या या पद्धतीत नारिंगीकडे झुकत, म्हणून बुटांवरच्या टिकल्या मुद्दाम गडद, जवळजवळ डाळिंबी निवडल्या. त्या बुटांचा एक जोड वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. दुसरा एक जोड २००५मध्ये मिनेसोटातल्या संग्रहालयातून चोरीला गेला, २०१८मध्ये एफबीआयनं शोधून काढला आणि डिसेंबर २०२४मध्ये लिलावात कर-कमिशनसह ३.२५ कोटी डॉलरला गेला. एका कॅमेऱ्याची आवड सांभाळायला केलेल्या बदलाची ही किंमत.

म्हणजे सेटवर जो रंग लावायचा तो पडद्यावर दिसायचा रंग नव्हे, हे सगळ्यांना नव्यानं शिकावं लागलं. पिवळा रस्ता पहिल्या चाचण्यांत हिरवट दिसला. मग वेगवेगळे पिवळे लावून, शूट करून, धुऊन बघण्याचा उद्योग चालला. डोरोथीच्या चौकटीच्या फ्रॉकखालचं पोलकं आपल्याला पांढरं दिसतं, प्रत्यक्षात ते फिकट गुलाबी होतं. शुभ्र पांढरं कापड एवढ्या दिव्यांखाली चकाकून डोळ्यांवर येई. पाचूनगरीतला रंग बदलणारा घोडा म्हणजे वेगवेगळ्या रंगांत रंगवलेले पांढरे घोडे. त्यांना जेलीच्या पुडीचा रंग लावला होता आणि दोन शॉट्सच्या मध्ये घोडे तो चाटून साफ करू पाहत. घोड्यांच्या अकलेला दाद द्यावी लागते.

या चित्रपटातली माझी सगळ्यात आवडती करामत मात्र दारातली. कॅन्सासमधले प्रसंग काळ्या-पांढऱ्या फिल्मवर काढून प्रतींना तपकिरी छटा दिलेली आहे. वादळात उडालेलं घर खाली पडतं, डोरोथी तपकिरी खोलीतून दार उघडते आणि बाहेर रंगीबेरंगी दुनिया. एकाच चौकटीत अर्धं तपकिरी आणि अर्धं रंगीत कसं आणलं? आज संगणकावर हे चुटकीसरशी होईल. तेव्हा त्यांनी अख्खा शॉट टेक्निकलरमध्येच घेतला आणि घराचा आतला भाग खरोखरच तपकिरी रंगानं रंगवून काढला. दार उघडणारी मुलगी डोरोथी झालेली ज्युडी गारलंड नाही, तिच्या जागी उभी केलेली बॉबी कोशे आहे, तपकिरी छटांचा फ्रॉक घातलेली, पाठमोरी. दार उघडून ती बाजूला सरकते, कॅमेरा पुढे जातो आणि त्याच चौकटीत निळ्या फ्रॉकमधली ज्युडी येते. पुन्हा बघाल तेव्हा तो क्षण थांबवून पाहा. लबाडी डोळ्यांसमोर आहे आणि तरी ती दिसत नाही.

मेकअपच्या गोष्टी इतक्या मजेच्या नाहीत. काळ्या-पांढऱ्या चित्रपटात चेटकिणीचा चेहरा हिरवा असला काय नि राखाडी असला काय, फरक पडत नाही. पत्र्याच्या माणसालाही करडा रंग फासला की झालं. रंगीत कॅमेऱ्यापुढे मात्र धातू धातूसारखा चमकायला हवा. बडी एब्सनच्या चेहऱ्यावर पांढऱ्या लेपावर ॲल्युमिनियमची पूड उडवत. शूटिंग सुरू होऊन थोडेच दिवस झाले आणि त्याला श्वास घेता येईना. ती पूड फुप्फुसांत गेली होती. तो इस्पितळात प्राणवायूवर असताना स्टुडिओनं त्याच्या जागी जॅक हेलीला घेतलं आणि आता पूड न उडवता तिचा लेप करून लावला. हेलीला कारण सांगायची तसदी कुणी घेतली नाही. सगळे मिळून गातात त्या काही ओळींत एब्सनचा आवाज चित्रपटात राहून गेला आहे. तो पुढे पंचाण्णव वर्षांचा होईपर्यंत जगला, हे त्यातल्या त्यात बरं.

मार्गारेट हॅमिल्टनच्या हिरव्या मेकअपमध्ये तांबं होतं. २३ डिसेंबर १९३८ रोजी चेटकीण धुरात आणि ज्वाळेत गुप्त होते तो शॉट चालू होता. जमिनीतला पाळणा तिला खाली नेणार आणि मग ज्वाळा उठणार, असा क्रम. ज्वाळा आधी उठली. टोपी आणि झाडूनं पेट घेतला. चेहरा आणि हात भाजले. भाजलेल्या कातडीवरून तो तांब्याचा रंग अल्कोहोलनं पुसून काढणं भाग होतं, कारण तो आत जाऊ देणं धोक्याचं. सहा आठवड्यांनी ती कामावर परतली ती एका अटीवर: आगीजवळ जाणार नाही. मग धूर सोडणाऱ्या झाडूवर तिची डबल बेटी डँको बसली, आणि त्या झाडूचा स्फोट होऊन तिचा पाय जखमी झाला. त्या काळी सेटवरची सुरक्षितता म्हणजे कुणीतरी पाण्याची बादली घेऊन उभं असणं.

रंगीत चेहऱ्याचा प्रश्न सुंदर नायिकांनाही होता. आधीचा चिकट मेकअप टेक्निकलरच्या दिव्यांत चमके आणि शेजारच्या कपड्यांचे रंग उचले; हिरव्या झग्याची छटा गालावर. मॅक्स फॅक्टरच्या कंपनीनं यासाठी ओल्या स्पंजानं लावायचा कोरडा, मंद मेकअप काढला. नट्या तो डबीसकट घरी नेऊ लागल्या, तेव्हा कंपनीनं तो दुकानांत विकायला काढला. आज पॅनकेक म्हणून जो मेकअप नाटकवाल्यांच्या पेटीत सापडतो, तो या कॅमेऱ्याच्या हट्टापायी जन्मला.

हा कॅमेरा कुणाला विकत मिळत नसे. तो भाड्यानं घ्यायचा. सोबत टेक्निकलरचा कॅमेरामन, फिल्म त्यांचीच, धुलाई-छपाई त्यांच्याच प्रयोगशाळेत. आणि वर रंगसल्लागार, नताली काल्मस. ही हर्बर्टची घटस्फोटित बायको. १९३०च्या मध्यापासून १९४०चं दशक संपेपर्यंत जवळजवळ प्रत्येक टेक्निकलर चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तिचं नाव आहे. पडद्याच्या रंगापासून चहाच्या कपापर्यंत काय कुठल्या छटेचं असावं यावर तिचा शब्द चाले. रंग भडक नसावेत, प्रत्येक रंगाला भावना असते आणि ती जपावी, असा तिचा आग्रह. दिग्दर्शकांना आणि निर्मात्यांना ती नकोशी वाटे. सेल्झनिकसारख्या निर्मात्याचे तिच्याशी खटके उडाले. माझं मत विचाराल तर तिला थोडं जास्तच दूषण मिळालं आहे. नवीन खेळणं हातात आल्यावर सगळ्यांनाच सगळे रंग एकदम ओतायचे होते, आणि 'थांबा' म्हणणारी ती एकटी होती.

नियम मोडून चांगलं काम केल्याचीही उदाहरणं आहेत. १९३५चा 'बेकी शार्प' हा संपूर्ण तीन फितींत काढलेला पहिला मोठा कथापट. वॉटर्लूच्या लढाईआधीच्या मेजवानीत तोफांचे आवाज येतात आणि पाहुणे पांगतात. दिग्दर्शक रूबेन मामूलियाननं आधी थंड रंगांच्या कपड्यातले लोक बाहेर काढले आणि लाल कोटातले लष्करी अधिकारी सगळ्यात शेवटी. खरं तर तोफ ऐकून अधिकारी आधी धावायला हवेत. पण रंग चढत चढत लालावर जायला हवा होता, म्हणून त्यानं तर्क खुंटीला टांगला. पुढे १९५२च्या 'मूलँ रूज'साठी ऑस्वल्ड मॉरिस या छायाचित्रकारानं सेटवर धूर सोडला, भिंगापुढे धुकं आणणाऱ्या काचा लावल्या आणि टेक्निकलरचे रंग मुद्दाम विरघळवले. कंपनी आधी हादरली. चित्रपटाची वाहवा झाल्यावर तिनं श्रेय आनंदानं घेतलं.

'ऑझ'चं काम चालू होतं त्याच महिन्यांत, त्याच कल्व्हर सिटीत, 'गॉन विथ द विंड'ची आग लागली. सेल्झनिकच्या स्टुडिओच्या मागच्या मोकळ्या जागेत जुन्या चित्रपटांचे सेट उभे होते, 'किंग काँग'मध्ये वापरलेल्या प्रचंड दरवाजासकट. नव्या सेटसाठी जागा हवी होती आणि कथेत अटलांटा शहर जळायला हवं होतं. एका दगडात दोन पक्षी. १० डिसेंबर १९३८, शनिवारची रात्र. जळणाऱ्या सेटला दुसरी संधी नाही, म्हणून सात टेक्निकलर कॅमेरे एकाच वेळी लावले. सेटच्या आतून नळ्या फिरवून तेल सोडण्याची सोय होती, म्हणजे ज्वाळा हवी तेव्हा वाढवता आणि कमी करता येई. नायक-नायिकेच्या जागी डबल घोडागाडी हाकत होते. नायिका अजून ठरायचीच होती. त्याच रात्री निर्मात्याचा भाऊ मायरन सेल्झनिक व्हिव्हियन लीला घेऊन आला आणि 'ही घे तुझी स्कार्लेट' असं म्हणून ओळख करून दिली, अशी कथा आहे. तिला थोडी फोडणी पडली असणार. पण जानेवारी १९३९मध्ये लीची निवड जाहीर झाली, एवढं पक्कं. शहरातल्या लोकांना मात्र एमजीएम स्टुडिओ जळतोय असं वाटून अग्निशामक दलाला फोन गेले.

गंमत अशी की या कॅमेऱ्यापुढे आगीसारखा आज्ञाधारक विषय दुसरा नव्हता. आग स्वतःच प्रकाश आहे, वेगळे दिवे नकोत, आणि तिचा रंग टेक्निकलरला सगळ्यात लाडका.

चित्रपट टिपून झाला तरी अर्धंच काम झालेलं असे. हातात तीन काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह. थिएटरला पाठवायची एक रंगीत फिल्म. इथे टेक्निकलरवाले सिनेमा सोडून छापखान्यात शिरले. साडीवर लाकडी ठशांनी नक्षी छापतात, प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, आधीच्या नक्षीवर अचूक बसवायचा. अगदी तेच इथे चाले. फक्त ठसा जिलेटिनचा. प्रत्येक निगेटिव्हवरून जिलेटिनच्या जाड थराची एक फिल्म उजेडात धरत. निगेटिव्हमधून प्रकाश जिथे आरपार आला तिथलं जिलेटिन कडक होई, उरलेलं गरम पाण्यात धुऊन जाई. मागे राही तो उंचसखल साचा. तो रंगात बुडवला की उंच भाग जास्त रंग पिई, सखल भाग कमी. मग कोऱ्या फिल्मवर दाबला की रंग तिच्यात उतरे. असे तीन साचे, तीन वेळा. जुळणी केसभर हलली तर नटाच्या नाकाशेजारी दुसरं रंगीत नाक.

इथे एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. लाल नोंदीचा साचा लाल रंगात बुडवत नसत. तो सायनमध्ये, म्हणजे निळसर-हिरव्या रंगात बुडवत. हिरव्याचा किरमिजी रंगात, निळ्याचा पिवळ्यात. घरच्या प्रिंटरची शाई बदलणाऱ्यांना हे तीन रंग ओळखीचे असतील. कारण असं: प्रोजेक्टरच्या पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग आधीच आहेत. फिल्मनं फक्त नको ते अडवायचं. सायन लालला अडवतो, किरमिजी हिरव्याला, पिवळा निळ्याला. जिथे दृश्यात लाल नव्हतं तिथे साचा उंच, तिथे सायन भरपूर, तिथे लाल अडलं. डोरोथीच्या बुटांचं बघा. तिथे लाल भरपूर, म्हणून सायन जवळजवळ शून्य. हिरवा-निळा जवळजवळ नाही, म्हणून किरमिजी आणि पिवळा पुरेपूर. पांढऱ्या प्रकाशातून हिरवा गेला, निळा गेला, उरला तो लाल. रंगाची एक चिमूटही 'लाल' नावाची नसताना पडद्यावर लाल बूट.

साचे महाग, पण एकदा झाले की त्यांवरून प्रती भराभर निघत. आणि हे रंग टिकाऊ होते. ते फार महत्त्वाचं ठरलं.

१९५२चा 'सिंगिंग इन द रेन' याच तीन फितींच्या कॅमेऱ्यावर काढलेला. पावसातल्या गाण्याबद्दल सर्रास सांगतात की पाणी दिसावं म्हणून त्यात दूध मिसळलं होतं. तसं काही नव्हतं. पाऊस समोरून उजेड टाकल्यास दिसत नाही, मागून टाकल्यास थेंब न् थेंब चमकतो. हॅरल्ड रॉसननं दिवे मागे लावले. 'ऑझ'चा छायाचित्रकारही हाच रॉसन, त्यामुळे उजेड कुठून मागायचा हे त्याला पुरतं ठाऊक होतं. रस्त्याच्या वर काळी ताडपत्री घालून दिवसाची रात्र केली होती, डबक्यांसाठी मुद्दाम खड्डे खणले होते, आणि नाचणारा जीन केली अंगात १०३ ताप घेऊन भिजत होता. संध्याकाळी पाण्याचा दाब पडे, कारण त्याच वेळी कल्व्हर सिटीतले लोक आपल्या अंगणातल्या हिरवळीला पाणी घालत. दुधापेक्षा ही गोष्ट कितीतरी चांगली आहे, पण दूधच जास्त फिरतं.

तोवर या कॅमेऱ्याचे दिवस भरत आले होते. कोडॅकनं १९५०मध्ये एकाच फितीवर तिन्ही रंगांचे थर असलेली फिल्म आणली. कुठल्याही साध्या कॅमेऱ्यात ती चाले. ठोकळा नको, भाड्याचा कॅमेरामन नको. १९५५च्या 'फॉक्सफायर'नंतर अमेरिकेत तीन फितींचा कॅमेरा कथापटासाठी चालला नाही. साच्यांनी छापण्याची पद्धत मात्र पुढे वीस वर्षं टिकली. शेवटी हॉलिवूडची छपाई बंद झाली आणि लंडनचीही. चीननं मात्र सत्तरच्या दशकाच्या शेवटी ही यंत्रसामग्री विकत घेऊन आपल्याकडे पुढे चालवली.

आपल्याकडच्या लोकांनाही या रंगानं झुलवलं. 'प्रभात'च्या १९३३च्या 'सैरंध्री'साठी शांतारामबापू थेट जर्मनीला गेले. तिथून निघालेल्या प्रतींचे रंग मनासारखे नव्हते, आणि तो नाद काही वर्षं सुटला. १९५३मध्ये सोहराब मोदींनी 'झांसी की रानी' टेक्निकलरमध्ये काढला. असा तो पहिला भारतीय चित्रपट. त्यासाठी छायाचित्रकार आणला अर्नेस्ट हॉलर, म्हणजे 'गॉन विथ द विंड'बद्दल रे रेनाहनसोबत ऑस्कर मिळवलेला माणूस. रंग देखणे आले, पैसे बुडाले. दोन वर्षांनी शांतारामबापूंनी 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमध्ये आणला आणि तो मात्र धो धो चालला.

नव्या एकफिती रंगीत फिल्मची खोड नंतर कळली: तिचे रंग काही वर्षांत विटू लागले, आधी निळा-हिरवा गेला आणि सगळं गुलाबी उरलं. सत्तरच्या दशकात काढलेले चित्रपट फिके पडत असताना १९३९चा 'ऑझ' मात्र ताजा करता येत होता, कारण त्याचे रंग फिल्मवर नव्हतेच, तीन काळ्या-पांढऱ्या नोंदींत होते. आणि चांदीला विटणं ठाऊक नाही. अडचण वेगळीच निघाली. तीन फिती तीन वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसल्या होत्या. या शतकाच्या सुरुवातीला वॉर्नर कंपनीच्या तंत्रज्ञांनी त्या संगणकावर चौकटीगणिक पुन्हा जुळवल्या, तेव्हा चित्र १९३९च्या प्रेक्षकांनी पाहिलं होतं त्याहूनही रेखीव निघालं. छापताना रंग थोडा पसरे आणि त्या मऊपणात बरंच झाकलं जाई. आता डोरोथीच्या सोबत्याच्या, बुजगावण्याच्या चेहऱ्यावरच्या मुखवट्याचं विणकाम दिसू लागलं आणि सिंहाची शेपूट हलवणारी तारही. मग ती तार पुसायची की राहू द्यायची, यावर वाद सुरू झाला.